घरच्या घरी कारचा एअर फिल्टर बदलणे: सोलापूरकर नेहमी विचारतात ते प्रश्न

सोलापुरात स्पेअर पार्टच्या काउंटरवर उभं राहिलं की एअर फिल्टरबद्दल तेच प्रश्न रोज कानावर येतात. त्यातले नेहमीचे इथे एकत्र केलेत. उत्तरं पेट्रोल, सीएनजी आणि डिझेल कारसाठी आहेत. जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलंय. फिल्टर बदलणं सोपं आहे, पण तो नीट बसवणं हेच यातलं खरं काम. घाईत असाल तर बाकीचं राहू द्या, ‘फिल्टर नीट बसला की नाही’ हा प्रश्न तेवढा जरूर वाचा.

इंजिनला एअर फिल्टर लागतोच कशाला?

पेट्रोल नीट जळायला वजनात त्याच्या साधारण १४.७ पट हवा लागते. लिटरभर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे त्यामागे जवळपास ११ किलो हवा झाली. आकारमानात मोजली तर नऊ-दहा हजार लिटर. सोलापूरहून पंढरपूरला जाऊन परत आलात तर छोटी पेट्रोल गाडीसुद्धा ऐंशी हजार लिटरच्या घरात हवा ओढून घेते. त्या हवेतली धूळ अडवायला इंजिनकडे फिल्टरच्या कागदाशिवाय दुसरं काहीही नसतं.

धूळ आत गेली की सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा जो पातळ थर असतो त्यात ती मिसळते आणि पिस्टनच्या रिंगा वर-खाली होताना भिंत घासत राहते. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, कमी होतं, गाडी ऑइल खायला लागते, तीच बारीक कच ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोचते. हे एका दिवसात होत नाही, म्हणून लक्षात येत नाही. लक्षात येतं तेव्हा इंजिन उतरवायची वेळ आलेली असते.

एसीचा फिल्टर आणि हा फिल्टर एकच का?

नाही. एसीचा, म्हणजे केबिन फिल्टर, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि आपल्या नाकात जाणारी हवा गाळतो. इंजिनचा फिल्टर बॉनेटखाली, प्लास्टिकच्या काळ्या डब्यात असतो. दुकानात नुसतं ‘फिल्टर द्या’ म्हटलं की घोटाळा होतो. ऑइल फिल्टर आणि फ्युएल फिल्टर आणखी वेगळे. ‘इंजिनचा एअर फिल्टर’ असं पूर्ण नाव सांगा.

मॅन्युअलमध्ये तीस-चाळीस हजार किलोमीटर लिहिलंय. मग आधी उघडून बघायची गरज काय?

त्याच मॅन्युअलमध्ये आणखी एक ओळ असते, ती सहसा कोणी वाचत नाही: धुळीच्या रस्त्यांवर गाडी चालत असेल तर फिल्टर लवकर तपासा, लवकर बदला. सोलापूर जिल्ह्यातल्या बऱ्याच गाड्या वर्षातले कित्येक महिने याच वर्गात मोडतात.

आपली काळी माती ओली असते तेव्हा चाकाला चिकटते. वाळली की भेगाळते आणि चाकाखाली तिचं पीठ होतं. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. रस्त्याच्या कडेची माती त्यांच्या चाकांनी पुन्हा पुन्हा उधळते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी आणि मळणी. मंगळवेढ्याकडे त्या दिवसांत गेलात तर रस्त्यालगत मळणी यंत्र चालू असतं आणि भुसा थेट रस्त्यावर येतो. त्यानंतर एप्रिल-मेमधलं चाळीस अंशांच्या पुढचं ऊन आणि वावटळी. शहरातही जिथे रस्ता उकरलेला आहे तिथे हीच गत.

म्हणून नुसत्या किलोमीटरवर जाऊ नका. पुणे-सोलापूर महामार्गावर वीस हजार चाललेली गाडी आणि रोज पाणंदीतून शेतावर जाऊन वीस हजार झालेली गाडी, दोन्हींचे फिल्टर शेजारी ठेवले तर एकाच वयाचे वाटणार नाहीत. माझं सांगणं असं: दर पाच हजार किलोमीटरला झाकण उघडून एक नजर टाका. वर्षातून दोनदा तर नक्कीच, एकदा सुगी आटोपल्यावर मार्चअखेर आणि एकदा मृगाच्या आधी. गाडी मातीच्या रस्त्यावर जास्त असेल तर वीस हजारांच्या आसपास फिल्टर बदलायच्या तयारीत राहा. शहरातच फिरत असेल आणि फिल्टर चांगला दिसत असेल तर मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत जाऊ द्या.

आणखी एक. कच्च्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या अगदी मागे लागू नका. तिने उडवलेली सगळी धूळ तुमचं इंजिन ओढतं. थोडं अंतर ठेवलं, धूळ खाली बसू दिली, तर फिल्टर कितीतरी जास्त दिवस टिकतो.

रोज साफ केला तर मग उत्तमच ना?

उलट. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरही बारीक कण अडवायला लागतो. म्हणजे थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा चांगलं गाळतो. शिवाय झाकण जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा आत धूळ पडायची आणि रबर सरकायची शक्यता. पाहायचं तेव्हा पाहा, उगाच छेडू नका.

फिल्टर खराब झाला हे ओळखायचं कसं?

रंगावर जाऊ नका. वरून करडा दिसणारा फिल्टर आणखी बरेच महिने जाऊ शकतो. दोन घड्या अंगठ्याने हळूच उघडा आणि तळाशी काय दिसतं ते पाहा. वरच्या कडा मळल्या आहेत पण तळाशी कागदाचा मूळ रंग दिसतो, तर ठीक. घड्या तळापर्यंत मातीने भरल्या असतील, एकमेकींना चिकटल्या असतील, तर बदला. पेट्रोल गाडीच्या पातळ फिल्टरमागे मोबाइलचा टॉर्च धरूनही अंदाज येतो. डिझेलच्या जाड फिल्टरला ही परीक्षा लागू पडत नाही, त्यातून नवा असतानाही उजेड धड येत नाही.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर धूळ किती आहे हे न पाहता बदला: कागदाला चीर किंवा भोक, कागद ओला होऊन फुगलेला, तेलाचे डाग, कडेचं रबर कडक होऊन तडकलेलं. तेलाचे डाग दिसले तर इंजिनमधून ऑइलची वाफ जास्त येते आहे का, हे मेकॅनिकला दाखवा. नुसता फिल्टर बदलून तो प्रश्न सुटणार नाही.

गाडी चालवताना जाणवतं ते म्हणजे पिकअप. चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो. डिझेल गाडी काळा धूर सोडते. पण ही लक्षणं खूप उशिरा येतात आणि त्यांना दुसरीही दहा कारणं असतात, म्हणून लक्षणांची वाट पाहू नका.

फिल्टर बदलला की ॲव्हरेज वाढतं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याचं खरं उत्तर लोकांना आवडत नाही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत ॲव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात पडायचा. फिल्टर चोंदला की हवा कमी यायची, पेट्रोल मात्र तेवढंच ओढलं जायचं, मिश्रण घट्ट व्हायचं आणि पेट्रोल वाया जायचं. आताच्या गाडीत आत येणाऱ्या हवेचा अंदाज सेन्सर देतो, सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर जळणाचा हिशेब तपासतो, आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्याप्रमाणे पेट्रोल कमी-जास्त करतो. हवा कमी आली की पेट्रोलही कमी सोडलं जातं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. चोंदलेल्या फिल्टरने इंजेक्शनच्या गाड्यांच्या ॲव्हरेजवर लक्षात घेण्याजोगा परिणाम झाला नाही. वेग पकडण्यात मात्र साधारण ६ ते ११ टक्क्यांचा फरक दिसला.

तेव्हा ‘फिल्टर बदला, दोन-तीन किलोमीटर जास्त पडतील’ असं कोणी सांगितलं तर त्या आशेवर पैसे घालू नका. पिकअप परत येईल आणि इंजिन वाचेल, या दोन गोष्टींसाठी फिल्टर बदलायचा. ॲव्हरेज खरंच पडलं असेल तर आधी टायरमधली हवा बघा, मग ब्रेक चिकटतात का ते बघा.

पंक्चरवाल्याकडं हवा मारून घेतली तर चालतंय का?

शक्यतो नको. टायरमध्ये आपण तीस-पस्तीस पीएसआय हवा भरतो, पण कॉम्प्रेसरच्या टाकीत दाब शंभरच्या पुढे असतो. नळी फिल्टरला टेकवून हवा मारली की तो सगळा झोत कागदावर येतो. डोळ्याला दिसणार नाही अशी बारीक भोकं पडतात, कागदाचे तंतू सैल होतात, कडेचा चिकटवलेला भाग सुटतो. फिल्टर स्वच्छ दिसतो, वजनाला हलका लागतो, मालक खूश होतो, आणि त्या दिवसापासून धूळ सरळ इंजिनात जाते. मळका पण अखंड फिल्टर यापेक्षा शंभर पटीने बरा.

मारायचीच असेल तर दाब तीस पीएसआयच्या आत, नळी वीतभर लांब, आणि झोत नेहमी स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे. बाहेरच्या बाजूने मारली तर धूळ कागदात आणखी खोल रुतते. घरी असं काही साधन नसेल तर फिल्टर मळकी बाजू खाली करून हाताच्या तळव्यावर हलकेच थोपटा. मोठी माती, भुसा, किडे पडून जातील, तेवढं पुरे. फरशीवर आपटू नका; फ्रेम वाकली की तो पुन्हा नीट बसत नाही.

पाण्याने धुतला तर?

कागदी फिल्टर धुवायचा नाही. पाण्याने तंतू फुगतात, वाळल्यावर कागद पहिल्यासारखा राहत नाही. साबण, पेट्रोल, रॉकेल यांपैकी काहीच नको.

धुऊन वापरायचे कापडी फिल्टर मिळतात, ते घ्यावेत का?

आपल्या भागासाठी माझा सल्ला नको असा आहे. हे फिल्टर सुती जाळीचे असतात, त्यावर खास तेल लावावं लागतं, आणि धुळीला धरून ठेवण्याचं काम ते तेल करतं. तेल कमी झालं तर धूळ आत, जास्त झालं तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या बारीक तारेवर बसतं. दर खेपेला धुणं, वाळवणं, मोजून तेल लावणं हे सगळं शिस्तीने करणारे थोडे. रोजच्या गाडीला कंपनीने दिला तसा कागदी फिल्टरच बरा.

कोणता घ्यायचा? दुकानात काय सांगायचं?

गाडीचं नाव पुरत नाही. स्विफ्ट म्हटलं तरी कोणत्या सालची, पेट्रोल की डिझेल, कोणतं इंजिन, यावर फिल्टर बदलतो. आरसी बुकचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि त्याहून चांगलं म्हणजे जुना फिल्टर काढून त्याच्या कडेवर छापलेला पार्ट नंबर फोटोत घ्या. जुना फिल्टरच सोबत आणलात तर सगळ्यात उत्तम, पण मग गाडी घरी उभी ठेवून या.

गाडी बनवणाऱ्या कंपनीचा फिल्टर घ्या, किंवा बॉश, माहले, प्युरोलेटर, एलोफिक अशा फिल्टर बनवणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचा. छोट्या पेट्रोल गाडीचा फिल्टर साधारण दोनशे ते पाचशे रुपयांत येतो, मोठ्या डिझेल गाड्यांचा त्याहून महाग. काउंटरवर घेताना जुना आणि नवा एकमेकांवर ठेवून पाहा: लांबी, रुंदी, उंची आणि कडेच्या रबराची जाडी. नकली माल ओळखायची जागा हे रबरच. ते सगळीकडे एकसारखं, मऊ आणि दाबलं की परत वर येणारं हवं. कुठे पातळ, कुठे जाड, कोपऱ्यात सांधा उघडा असेल तर तो फिल्टर दहा रुपयांना मिळाला तरी परत करा.

हत्यारं काय लागतात?

बऱ्याच गाड्यांत काहीच नाही, हाताने उघडणाऱ्या क्लिपा असतात. काहींना फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, काहींना ८ किंवा १० नंबरची गोटी, म्हणजे सॉकेट पाना. बाकी एक स्वच्छ सुती फडकं, टॉर्च आणि स्क्रू ठेवायला एक वाटी.

आता बदलायचा कसा ते सांगा.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद, चावी खिशात. काम सकाळी करा. उन्हाळ्यात दुपारी उभ्या गाडीचं बॉनेटसुद्धा हाताला चटका देतं, आणि काही छोट्या गाड्यांत फिल्टरचा डबा थेट इंजिनच्या डोक्यावर असतो. वारा सुटलेला असेल तर गाडी भिंतीच्या आडोशाला घ्या.

डबा ओळखायचा तर इंजिनकडे जाणारा जाड, घड्यांचा रबरी पाइप शोधा. तो ज्या काळ्या डब्यातून निघतो त्यात फिल्टर. उघडण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. मग ओल्या फडक्याने झाकणाची वरची बाजू आणि सांध्याची कड पुसून घ्या. हे कोणी करत नाही, पण झाकण उचलताना वरची माती आत सांडते ती इथूनच.

क्लिपा सोडा किंवा स्क्रू काढा. स्क्रू काढताच वाटीत टाका. इंजिनवर ठेवलेला स्क्रू घरंगळून खाली गेला की निम्मा दिवस त्यात जातो. झाकण ओढून तोडू नका. अडत असेल तर एखादी क्लिप मागच्या बाजूला राहिली असेल, किंवा पाइपचा क्लॅम्प सैल करावा लागत असेल. झाकणाला सेन्सरची वायर असेल तर आधी तिला ताण बसतो का पाहा. झाकण तिरकं करून फिल्टर निघत असेल तर वायर तशीच राहू द्या. काढावीच लागली तर कनेक्टरची खिटी दाबून सोडवा, वायर धरून ओढू नका.

फिल्टर सरळ वर उचला, तिरका करून झटकू नका. त्याची कोणती बाजू वर होती ते लक्षात ठेवा. आता डब्याच्या तळाशी पाहा. कडुनिंबाची वाळकी पानं, ज्वारीचा भुसा, मेलेले किडे, कोपऱ्यात साचलेली काळी माती. पानं हाताने काढा, माती ओलसर फडक्याने टिपून घ्या. पाणी मारायचं नाही, फुंकर मारायची नाही. ज्या तोंडातून हवा इंजिनकडे जाते त्या बाजूला काम करताना पाइपच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा ठेवा, आणि काम झालं की तो आठवणीने काढा. फडकं मोठं घ्या, म्हणजे बाहेर लोंबत राहील आणि विसरणार नाही.

नवा फिल्टर जुन्यासारख्याच दिशेने ठेवा. काहींवर हवेच्या दिशेचा बाण असतो. नसेल तर रबराची कड डब्याच्या खाचेत बसते ती बाजू बरोबर. नव्या फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. पुढच्या खेपेला कोणाला विचारावं लागणार नाही, आणि गाडी सर्व्हिसिंगला दिल्यावर फिल्टर खरंच बदलला का, हेही कळतं.

फिल्टर नीट बसला की नाही, हे कसं कळणार?

फिल्टरचा कागद कितीही चांगला असो, कडेने बोटाच्या नखाएवढी फट राहिली तर हवा तिथूनच जाईल, कारण वाटेत अडवणारं काही नाही. नवा कोरा फिल्टर फटीसकट बसवण्यापेक्षा जुना नीट बसलेला फिल्टर इंजिनाला जास्त जपतो.

झाकण लावण्याआधी बोट रबरावरून चारी बाजूंनी फिरवा. कुठेही उंच-सखल लागता कामा नये. सगळ्यात जास्त गडबड लांबच्या, म्हणजे बॅटरीकडच्या किंवा फायरवॉलकडच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याकडच्या) कोपऱ्यात होते, कारण तिथे हात आणि नजर दोन्ही कमी पोचतात. झाकणाच्या मागच्या बाजूला बहुधा दोन-तीन जिभा असतात. त्या आधी खाचेत घाला, मग झाकण पुढे खाली आणा. एखादी जीभ बाहेर राहिली तरी पुढच्या क्लिपा जोर लावून लागतात आणि सगळं ठीक वाटतं, पण मागे फट राहते. क्लिप लावायला फार जोर लागत असेल तर थांबा आणि पुन्हा उघडा. नीट बसलेलं झाकण सहज लागतं. स्क्रू असतील तर समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, आणि प्लास्टिकच्या आट्या आहेत हे ध्यानात ठेवून बेताने.

सिलिकॉन, एम-सील, ग्रीस असलं काही रबराला लावू नका. त्याचे तुकडे सुटून आत जातात.

खरी परीक्षा आठ-दहा दिवसांनी. झाकण उघडा आणि रबरावर पाहा: झाकणाच्या कडेने दाबल्याची एकसलग रेघ चारी बाजूंनी उमटलेली हवी. एखाद्या कोपऱ्यात रेघ तुटली असेल तर तिथे दाब बसत नाही. मग पांढरं फडकं बोटाला गुंडाळून इंजिनकडच्या पाइपच्या तोंडात आतून फिरवा. फडकं कोरं निघालं तर काम फत्ते. मातीचा करडा डाग आला तर फिल्टर बाजूने गळतोय: रबर, जिभा, तडकलेला डबा, फाटलेला पाइप, या क्रमाने शोधा. जुनी गाडी विकत घेताना मी हा डाग आधी पाहतो. आधीच्या मालकाने गाडी कशी ठेवली ते त्यावरून कळतं.

सगळं केलं, आता चेक इंजिनचा दिवा लागलाय.

घाबरू नका. नव्वद टक्के वेळा सेन्सरचा कनेक्टर लावायचा राहिलेला असतो किंवा अर्धवट लागलेला असतो. इंजिन बंद करून ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबा. शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा इंजिन वर-खाली होत असेल तर पाइपचा क्लॅम्प सैल आहे. कनेक्टर लावल्यावर दिवा लगेच विझला नाही तर काही फेऱ्यांनंतर बऱ्याच गाड्यांत आपोआप जातो. तरी राहिला तर स्कॅनर लावून पाहा.

फिल्टर मिळेपर्यंत दोन दिवस तशीच चालवली तर?

नाही. जुना कितीही मळका असला तरी तोच परत घाला. फिल्टर नसताना एक फेरीसुद्धा नको.

वॉरंटीला अडचण येईल का?

वॉरंटीत ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करा आणि वॉरंटी पुस्तिकेतल्या अटी वाचा. मधल्या काळात बदलायची वेळ आली तर कंपनीचाच फिल्टर घ्या आणि बिल जपून ठेवा.

सीएनजी आणि डिझेलला वेगळं काही?

सीएनजीवर गाडीची ताकद पेट्रोलपेक्षा आधीच थोडी कमी असते, त्यामुळे चोंदलेला फिल्टर लवकर जाणवतो. बाहेरून बसवलेलं जुन्या मिक्सर पद्धतीचं किट असेल तर बॅकफायर होऊन, म्हणजे हवेच्या वाटेतच भडका उडून, डब्याचं झाकण निसटू शकतं किंवा तडकतं. अशी गाडी असेल तर झाकणाच्या कडा प्रत्येक वेळी तपासा.

डिझेल इंजिन पेट्रोलच्या मानाने कितीतरी जास्त हवा ओढतं, त्यात टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असला तर फिल्टरमागचा पाइप त्याच्याकडेच जातो. तिथे खडा किंवा फडक्याचा तुकडा गेला तर टर्बोची पाती जातात. म्हणून डिझेलच्या डब्यात काम करताना दुप्पट जपा. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा वेगळा फिल्टर सायलेन्सरच्या वाटेवर असतो. हवा कमी पडली की काजळी वाढते आणि तो लवकर भरतो. तो भरला की खर्च मोठा.

डब्यात शेंगांची टरफलं आणि कापूस निघाला. हे काय?

उंदीर. घराशेजारी धान्याचं किंवा शेंगांचं पोतं असेल तर हमखास. उभ्या गाडीचा हवेचा डबा त्यांना उबदार आणि सुरक्षित वाटतो. फिल्टरचा कागद कुरतडून ते बिळात अंथरतात. असा फिल्टर भोक दिसलं नाही तरी बदला, हातमोजे आणि तोंडावर रुमाल बांधून डबा पुसा, आणि वायरी कुरतडल्यात का ते नीट पाहा. गाडी आठवड्यातून एकदा तरी हलवा.

पुराच्या पाण्यातून गाडी काढली, आता फिल्टर ओला आहे.

आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस मोठा. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा किती रस्ते पाण्याखाली होते हे सगळ्यांनी पाहिलंय. गाडी पाण्यात बंद पडली असेल तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून किंवा ओढून बाहेर काढा, डब्याचं झाकण उघडा. फिल्टर भिजलाय आणि इंजिनकडच्या पाइपमध्येही पाणी किंवा चिखल दिसतोय, तर तिथेच थांबा आणि गाडी टो करून मेकॅनिककडे न्या. फक्त फिल्टरची खालची बाजू दमट आहे आणि पाइप आतून पूर्ण कोरडा आहे, तर डबा पुसून नवा फिल्टर घालून गाडी सुरू करता येते. ओला फिल्टर उन्हात वाळवून परत घालू नका.

ट्रॅक्टरलाही हेच लागू का?

अर्धवट. नव्या ट्रॅक्टरमध्ये एकात एक असे दोन कागदी फिल्टर असतात. बाहेरचा साफ करता येतो, आतला काढून झटकायचा नाही, ठरलेल्या वेळी फक्त बदलायचा. डब्याच्या खाली धूळ पडायला रबरी चोच असते, ती रोज दाबून मोकळी करा. जुन्या ट्रॅक्टरमध्ये तेलाच्या वाटीचा एअर क्लीनर असतो. मळणीच्या दिवसांत त्या वाटीतलं तेल रोज पाहा, खुणेपर्यंत ठेवा, आणि तळाशी चिखल जमला की तेल बदला.